तीर्थयात्रा, सवलत आणि स्वाभिमान

'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याचा उतार असा आहे. उतारावर आलेल्या प्रत्येकाला, मग तो पालखीतून आलेला असो वा अनवाणी, त्याच पाण्यात पाऊल टाकून पैलतीर गाठावा लागतो. म्हणूनच ज्या स्थळी संसाराचा प्रवाह ओलांडण्याचे बळ मिळते, त्या स्थळालाही आपल्या पूर्वजांनी तीर्थ हेच नाव दिले. मात्र उतारापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सर्वांना सारखा सुलभ नसतो. वय, प्रकृती आणि द्रव्य या तीन गोष्टी वाटेत उभ्या राहतात. या अडचणी दूर करण्यासाठी शासन, धर्मादाय संस्था आणि देवस्थाने सवलती देतात. या सवलती घेणे यात्रेकरूच्या स्वाभिमानाला आणि यात्रेच्या पुण्याला बाध आणणारे आहे काय, हा प्रश्न अनेक ज्येष्ठ भाविकांच्या मनात असतो. तो उघडपणे विचारला जात नाही, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो तो वयोवृद्ध शिक्षकांना. ज्याने आयुष्यभर दिले, त्याला घेण्याची सवय नसते.

गुरुजींची यात्रा

शिक्षकाची तीर्थयात्रा बहुधा निवृत्तीनंतरच घडते. आषाढीची वारी येते तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. नव्या मुलांची नावे हजेरीपटावर चढवावयाची असतात आणि वर्ग सोडून जाणे मनाला पटत नाही. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी हाती असते, परंतु त्याच काळात गाड्यांना गर्दी असते. कधी निवडणुकीचे, कधी जनगणनेचे काम येते. "निवृत्त झाल्यावर जाऊ," असे म्हणता म्हणता तीस-पस्तीस वर्षे निघून जातात आणि जावयाची वेळ येते तेव्हा गुडघे साथ देत नाहीत.

सर्वच शिक्षकांची आर्थिक स्थिती सारखी नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शासकीय, जिल्हा परिषदेच्या वा अनुदानित शाळेतून पूर्वी निवृत्त झालेल्यांना नियमित निवृत्तिवेतन मिळते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या पगारावर आयुष्य घालविलेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा १००० रुपये ठरविण्यात आले. एवढ्या रकमेत औषधपाणी भागविणेही कठीण, तेथे यात्रेची गोष्ट कशी निघावी? वाडीवस्तीवरच्या बालवाडीत मानधनावर मुले सांभाळणाऱ्या ताईंना तर तेवढाही आधार नसतो.

अशा एका गुरुजींचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वय एकाहत्तर. तालुक्याच्या गावातील विनाअनुदानित शाळेत एकतीस वर्षे गणित शिकविलेले. सोबत सहधर्मचारिणी, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे. श्रीक्षेत्री जाऊन काकड आरतीला उभे राहावे, ही तिची अनेक वर्षांची इच्छा. गुरुजी आधारकार्ड दाखवून एस.टी.चे अर्धे तिकीट काढतात आणि दोघे सायंकाळी क्षेत्री पोहोचतात. भक्तनिवासाच्या खिडकीशी बसलेला सेवेकरी त्यांचे वय पाहून म्हणतो, "गुरुजी, तळमजल्याच्या खोल्या ज्येष्ठांसाठी राखून ठेवल्या आहेत. देणगीमूल्य निम्मे आहे. किल्ली देऊ का?" गुरुजी क्षणभर गप्प राहतात आणि म्हणतात, "नको बाळ. देवाच्या दारी येऊन सवलत कसली मागायची? पूर्ण मूल्याची जी खोली असेल ती दे." पूर्ण मूल्याची खोली दुसऱ्या मजल्यावर असते. गुरुमाउली काही न बोलता कठड्याला धरून जिने चढतात. पहाटे चौघड्याचा आवाज येतो, तेव्हा त्यांना उठून जिना उतरणे शक्य होत नाही. काकड आरती खोलीतूनच ऐकावी लागते.

गुरुजींच्या स्वाभिमानाची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच्या गुडघ्यांनी दिली. त्यांचा हेतू शुद्ध होता, परंतु निर्णय योग्य होता काय?

शास्त्राची दोन वचने

गुरुजींच्या बाजूने शास्त्राधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे विस्तृत वर्णन आहे. पुलस्त्य ऋषींनी भीष्मांना सांगितलेले तीर्थमाहात्म्य नारदमुनी युधिष्ठिराला ऐकवितात. तेथे तीर्थाचे फळ कोणाला मिळते, याची लक्षणे दिली आहेत. त्यांत प्रतिग्रहापासून, म्हणजे दान स्वीकारण्यापासून, जो दूर राहतो त्याचा निर्देश आहे. धर्मशास्त्रकारांनीही दान घेण्याबाबत वारंवार सावधगिरीचा इशारा दिला आहे, कारण घेणारा देणाऱ्याच्या उपकाराखाली येतो आणि त्याच्या वाणीचे स्वातंत्र्य उणावते. ज्याला खरे ते शिकवावयाचे आहे, त्या आचार्याने तर याबाबत अधिकच जपले पाहिजे.

परंतु त्याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी की, यज्ञाला विपुल सामग्री लागते, त्यामुळे तो राजांना वा धनिकांनाच करता येतो. निर्धनाला जे करता येते आणि ज्याचे पुण्य यज्ञाहूनही श्रेष्ठ आहे, ते तीर्थगमन होय. म्हणजे यात्रा परवडणारी असणे हा तिच्या मूळ स्वरूपाचाच भाग आहे. धनाअभावी ज्यांना यज्ञ दुर्लभ, त्यांच्यासाठीच तीर्थाची वाट सांगितली गेली. ती वाटही द्रव्याने अडली, तर तीर्थाचे प्रयोजनच हरपते.

दुसरी गोष्ट अशी की, प्रतिग्रह टाळणाऱ्याच्या बरोबरीनेच अहंकारापासून निवृत्त झालेल्याचाही तेथे उल्लेख आहे. "मी कोणाचे घेत नाही" हे वाक्य वैराग्यातून येऊ शकते, तसेच अहंकारातूनही येऊ शकते. दोन्हींचे शब्द तेच असल्यामुळे बोलणाऱ्यालाही त्यांतील भेद सहज कळत नाही.

दान आणि पूर्त

भक्तनिवासातील सवलत हा प्रतिग्रह आहे काय, हा या विचारातील कळीचा मुद्दा आहे. याचे उत्तर धर्मशास्त्रातील एका जुन्या भेदात सापडते. दान पूर्ण होण्यास देणारा आणि स्वीकारणारा असे दोघे लागतात. एकाचे स्वामित्व संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते. विहीर, तलाव, बाग, धर्मशाळा यांचे तसे नाही. या कार्यांना 'पूर्त' असे नाव आहे. यज्ञादी कर्म ते इष्ट आणि लोकोपयोगी कार्य ते पूर्त, मिळून इष्टापूर्त. विहीर बांधणारा तिचा उत्सर्ग करतो, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी ती सोडून देतो. त्यानंतर ती कोणा एकाची राहत नाही. ज्याने ती बांधली, तोही इतरांसारखाच एक होऊन तिचे पाणी पिऊ शकतो.

वाटेवरच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या पांथस्थाला कोणी याचक म्हणत नाही. तो बांधणाऱ्याचे नाव जाणत नाही, त्याच्यापुढे मान तुकवीत नाही, आणि तरीही मनोमन कृतज्ञ असतो. देवस्थानाचे अन्नछत्र, तळमजल्याची राखीव खोली, निम्मे देणगीमूल्य ही सारी या अर्थाने विहिरीच आहेत. दात्याने दिलेले द्रव्य श्रींच्या चरणी अर्पण झाले तेव्हाच त्याचे स्वामित्व संपले. भाविकाला मिळतो तो प्रसाद. प्रसादाच्या पंगतीत दाता आणि यात्रेकरू एकाच रांगेत बसतात.

गुरुजींनी एस.टी.चे अर्धे तिकीट संकोचाविना घेतले होते, ही गोष्ट येथे आठवावी. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्य परिवहनाच्या गाड्यांत अर्धे भाडे असते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात विनामूल्य प्रवासाची आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत लागू झाली. वाहकापुढे कार्ड धरताना कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण तेथे देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. खिडकीशी मात्र माणूस समोर असतो, म्हणून मन आखडते. पण त्या खिडकीमागे बसलेला सेवेकरी दाता नसतो. तोही विहिरीवर पाणी शेंदून देणारा एक सेवकच असतो.

विहीर बांधणाऱ्यांची परंपरा

महाराष्ट्राला या पूर्तधर्माची थोर परंपरा आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५ ते १७९५) यांनी काशीविश्वनाथाच्या मंदिराची पुनर्बांधणी केली आणि भारतभरच्या तीर्थांत घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. त्यांचा लाभ घेणारा यात्रेकरू त्यांच्या राज्यातील प्रजाजन आहे की नाही, हे पाहिले गेले नाही.

संत गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या, अंगावर चिंध्या पांघरणाऱ्या या महात्म्याने लाखोंच्या निवाऱ्याची सोय केली, पण स्वतः त्या वास्तूंचा धनी म्हणून मिरविले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू विद्येच्या कार्याला लागली. तीर्थ आणि शाळा ही एकाच पूर्तधर्माची दोन अंगे आहेत, हे बाबांनी कृतीने दाखविले.

आणि शिक्षकाने यात्रेकरूंसाठी काय केले, याचेही उदाहरण पंढरपुरातच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकविलेल्या साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुली व्हावीत, ही त्यांची मागणी होती. १० मे रोजी ते सुटले. एका शिक्षकाने प्राण पणाला लावून सर्वांसाठी वाट मोकळी केली, त्या वाटेने आज सारे भाविक जातात. ही वाट खुली करण्याचे मूल्य कोणी कोणाकडून घेतले नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात. माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देवासमान मानावे, असे तेथे सांगितले आहे. वृद्ध शिक्षक यात्रेला येतो तेव्हा तो आचार्यही असतो आणि अतिथीही. त्याच उपदेशात पुढे द्यावे कसे हेही सांगितले आहे. श्रद्धेने द्यावे आणि विनयाने, संकोचाने द्यावे. येथे संकोच देणाऱ्याने बाळगावयाचा आहे, हे विशेष. घेणाऱ्याने लाजावे अशी व्यवस्था जेथे असेल, तेथे या उपदेशाचा विसर पडला आहे असेच म्हणावे लागेल.

एक रास्त आक्षेप

यावर कोणी विचारील की, शिक्षकाचाच एवढा विचार का? शेतमजुरी करून हाडे झिजविलेल्या आजीला निवृत्तिवेतन कधीच नव्हते. हमाली केलेल्या वृद्धाचे गुडघे गुरुजींच्या गुडघ्यांहून कमी दुखत नाहीत. हा आक्षेप रास्त आहे. ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते, असे परंपरा मानते. ज्याने शिकविले त्याने स्वतःचे ऋण फेडले, त्याबद्दल वेगळा अधिकार मागण्याचे कारण उरत नाही. विहिरीपाशी तहान हाच अधिकार असतो.

म्हणून सवलतीची कसोटी गरज हीच असली पाहिजे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेतही ६० वर्षे वयाबरोबर कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाख रुपयांची मर्यादा ठेवली गेली. या मर्यादेत विनाअनुदानित शाळेतील गुरुजी बसू शकतात आणि शेतमजूर आजीही. चांगले निवृत्तिवेतन असणारे मुख्याध्यापक बसत नाहीत, आणि त्यात त्यांचा अवमान नाही. ज्याला पूर्ण मूल्य देणे शक्य आहे, त्याने तळमजल्याची खोली प्रकृतीसाठी अवश्य घ्यावी, पण निम्म्या मूल्याचा आग्रह धरू नये. गरज नसताना उपसलेले पाणी मागून येणाऱ्या तहानलेल्याचे असते.

सवलतींचे स्वरूप बदलत राहते, याचेही भान ठेवावे. रेल्वेच्या भाड्यात ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के व ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत मिळत असे. २० मार्च २०२० पासून ती थांबविण्यात आली आणि दूरच्या यात्रांचा भार अनेक वृद्धांना पेलेनासा झाला. अशा वेळी समाजाच्या पूर्तधर्माची आवश्यकता वाढते. तसेच, वृद्धाला परवडणारी यात्रा म्हणजे स्वस्त यात्रा एवढाच अर्थ नव्हे. तिकीट मिळाले, पण वरचा बर्थ मिळाला. खोली मिळाली, पण जिने चढावे लागले. दर्शन मिळाले, पण रांगेत बसावयाला बाक नव्हता. तर त्या यात्रेची किंमत शरीर चुकविते. हाताला धरणारा सोबती, गरम पाणी, उठता-बसता येईल असे शौचालय, वेळेवरचे साधे जेवण या गोष्टी कमी झालेल्या भाड्याइतक्याच मोलाच्या आहेत.

घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा धर्म

या विचारातून दोन्ही बाजूंचे कर्तव्य स्पष्ट होते. गरज असेल त्या भाविकाने सवलत निःसंकोचपणे घ्यावी, वय व अडचण खरी सांगावी, आणि ज्याची गरज नाही ते न मागता सोडावे. घेतल्याची परतफेड द्रव्यानेच झाली पाहिजे असे नाही. अर्ज लिहिता न येणाऱ्याला तो लिहून देणे, वाट चुकलेल्याला वाट दाखविणे, खोली सोडताना ती झाडून ठेवणे, ही सेवा प्रत्येकाच्या हाती आहे. आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या कष्टांवर आपला स्वाभिमान उभा नाही ना, हेही प्रत्येकाने तपासावे.

दात्यांचे कर्तव्य याहून सूक्ष्म आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य काळी, कर्तव्य म्हणून दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. विहीर बांधून तिच्याशी पहारा देत बसणारा आणि पिणाऱ्याकडून नमस्काराची अपेक्षा करणारा मनुष्य पूर्तकार्य पुन्हा दानाच्या पातळीवर उतरवितो. शिखराच्या कळसासाठी देणगी देण्यास अनेक जण उत्सुक असतात आणि ती श्रद्धा वंदनीय आहे. परंतु जिन्याला बसविलेला कठडा, रांगेतील बाक, वृद्धांना स्थानकावरून आणणारे वाहन, ज्याच्या पाटीवर दात्याचे नाव नाही अशी तळमजल्याची एक खोली, यांतूनही श्रींचीच सेवा घडते.

त्या गुरुजींची कथा येथे पूर्ण करावी. सकाळी दर्शनाची वेळ झाली, तेव्हा गुरुमाउलींना जिना उतरताना पाहून ते मध्येच थांबले. काही वेळाने एकटेच खिडकीशी गेले आणि सेवेकऱ्याला म्हणाले, "काल मी तुला उगाच नाही म्हटले. ती तळमजल्याची खोली आहे का अजून?" खोली होती. निम्मे देणगीमूल्य भरून त्यांनी किल्ली घेतली. त्या दिवशी दुपारी ते खिडकीच्या बाजूच्या बाकावर बसून दोन तास यात्रेकरूंचे अर्ज भरून देत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे चौघडा वाजला आणि दोघे काकड आरतीला उभे होते.

आयुष्यभर दिलेल्याने थोडे घेण्यासही शिकावे, ही त्याची अखेरची आणि कदाचित सर्वांत कठीण शिकवण असते. श्रीक्षेत्री येणाऱ्या प्रत्येक वृद्ध पावलाला तळमजल्याचा निवारा मिळो, आणि तो देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या मनात अहंकाराचा लेशही न उरो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.